आम्ही सही का केली नाही

२०२५ सालची दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. येथील मराठी मंडळींचे फराळाचे संमेलन भरले, चकल्या-अनारशांच्या बशा फिरल्या, दोन-तीन नाट्यपदे झाली, आणि बशांच्या मागोमाग एक कागद हातोहात फिरू लागला. सरकारला द्यावयाचे ते एक निवेदन होते. चेन्नईच्या दक्षिण उपनगरांत ज्यांनी लहान लहान भूखंड घेऊन ठेवले, परंतु ज्यांना घर बांधण्याची परवानगी मिळत नाही, अशा लोकांनी ते काढले होते. सह्या करणारांत तमिळ होते, तेलुगू होते, आणि आपलीही पाच-सात कुटुंबे होती. कागद आमच्यापर्यंत आला. आम्ही तो दोनदा वाचला आणि सही न करता शेजारच्या गृहस्थांकडे सरकवला.

त्यावर जे व्हावयाचे ते झाले. "अहो, तुमचाच प्लॉट अडकला आहे आणि तुम्हीच मागे सरता?" असे एकाने विचारले. "सरकारी नोकर ते! सहीला भिणारच," असा दुसऱ्याने टोमणा मारला. एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी मात्र आम्हांस बाजूला घेतले आणि कळवळ्याने म्हटले, "आपल्याच पायावर धोंडा का पाडून घेता?" टोमण्याला उत्तर देण्याचे कारण नाही. कळवळ्याला उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. आणि ते दहा माणसांत उभ्या उभ्या देण्यासारखे नसल्यामुळे आम्ही या मासिकाच्या पानांचा आश्रय घेत आहोत. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर येथील वाचकांस हा चेन्नईचा घरगुती तंटा वाटेल. परंतु पोटासाठी परमुलखात येऊन तेथेच चार भिंती उभारू पाहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाच्या दाराशी हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे.

प्रथम आमचा स्वार्थ सांगून टाकतो. तो झाकून वाद करणे अप्रामाणिकपणाचे होईल. आम्ही केंद्र सरकारच्या येथील एका कार्यालयात कारकून आहोत. वय छत्तीस, शिक्षण बी. ए., घरी पत्नी, एक मुलगी आणि गावाहून आलेली आई. २०१९ साली पेरुंबाक्कमच्या बाजूला आम्ही सहाशे चौरस फुटांचा एक तुकडा विकत घेतला. २४०० चौरस फुटांच्या मापाला येथे 'ग्राउंड' म्हणतात. आमचे ते पाव ग्राउंड. त्यासाठी बँकेचे कर्ज काढले, कर्मचाऱ्यांच्या पतपेढीचे काढले, आणि तरीही जे कमी पडले ते पत्नीच्या पाटल्यांनी पुरे केले.

ती वसाहत मुळात विनापरवाना पाडलेली होती. शेतजमिनीचे तुकडे करून विकण्याचा जो उद्योग महाराष्ट्रात 'गुंठेवारी' या नावाने ओळखला जातो, तो येथेही जोरात चालत आला. मद्रास उच्च न्यायालयाने २०१६ च्या सप्टेंबरात अशा भूखंडांची दस्तनोंदणी रोखली. तेव्हा राज्य सरकारने २०१७ साली नियम केले, आणि २० ऑक्टोबर २०१६ पर्यंत पाडलेल्या अशा वसाहती शुल्क घेऊन नियमित करण्याची सोय लावून दिली. आमच्या विक्रेत्याने ते शुल्क भरले, शिक्का मिळवला, आणि त्या शिक्क्यावर बोट ठेवून भूखंड आम्हांस विकला. नोंदणीच्या कचेरीत मुद्रांक शुल्क मोजून घेतले गेले. पट्टा आमच्या नावे झाला. बँकेच्या वकिलाने तीस वर्षांचे बोजे तपासून 'हरकत नाही' असे लिहून दिले. त्यानंतर सहा वर्षे पैसे साठवून, २०२५ च्या उन्हाळ्यात दोन खोल्या आणि एक माडी असा नकाशा काढून, आम्ही परवानगीचा अर्ज केला. आणि सप्टेंबरात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या येथील पीठाने आदेश दिला की, पळ्ळिकरणै दलदलीची सीमा व तिचे प्रभावक्षेत्र शास्त्रशुद्ध रीतीने निश्चित होईपर्यंत त्या सीमेच्या आत आणि तिच्यापासून एक किलोमीटरपर्यंत नव्या बांधकामास परवानगी देऊ नये. आमचे पाव ग्राउंड त्या किलोमीटरात येते. अर्ज जेथे होता तेथेच थांबला. कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत, आणि भाड्याच्या घराचे भाडेही.

तेव्हा त्या निवेदनावर सही करण्याचे जर कोणास कारण असेल तर ते आम्हांस होते. निवेदनाच्या मागण्या तीन. एक किलोमीटरचे बंधन सरसकट उठवावे; ते उठेपर्यंत एका ग्राउंडाच्या आतील घरांना त्यातून वगळावे; आणि परवानगीवाचून जी घरे उभी राहिली आहेत ती शुल्क घेऊन नियमित करावी. वरवर पाहता यांत गैर काय, असे कोणीही म्हणेल. आमचे म्हणणे असे की, तिन्ही मागण्या चुकीच्या पत्त्यावर पाठवल्या आहेत. बंधन आले ही आमची तक्रार होऊ शकत नाही. ते पन्नास वर्षे उशिरा आले, आणि आले ते सर्वांत शेवटी आलेल्या माणसाच्या मानेवर, ही आमची तक्रार आहे. या दोन तक्रारींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि ते अंतर ओळखले नाही तर आम्ही लहान माणसे आमच्याच हातांनी आमचा घात करू.

पळ्ळिकरणै म्हणजे काय, हे दूरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगावयास हवे. आपल्याकडे आषाढ-श्रावणात कोसळणारा पाऊस या किनाऱ्यावर आश्विन-कार्तिकात येतो, आणि मार्गशीर्षातही त्याचा भरवसा नसतो. येथील जमीन जवळजवळ सपाट. पूर्वीच्या लोकांनी ठिकठिकाणी बांध घालून तळी केली. त्यांस 'एरी' म्हणतात. एका एरीचे पाणी सांडून खालच्या एरीत, तेथून आणखी खालच्या एरीत, असे उतरत उतरत सुमारे अडीचशे चौरस किलोमीटर मुलखाचे पाणी शेवटी पळ्ळिकरणैच्या दलदलीत येते. दलदल ते पाणी पसरून घेते, जिरवते, आणि राहिलेले ओक्कियम मडुवु नावाच्या ओढ्याने बकिंगहॅम कालव्यात आणि पुढे कोवळमच्या खाडीवाटे समुद्रात सोडते. अशा जागेला तमिळमध्ये 'कळुवेली' असा जुना शब्द आहे. ज्या भाषेत एखाद्या गोष्टीला स्वतंत्र शब्द असतो, त्या भाषेच्या लोकांना ती गोष्ट कशासाठी आहे हे ठाऊक असते.

परंतु महसुली दप्तराला हा शब्द ठाऊक नव्हता. ज्या जमिनीवर सारा बसत नाही ती पडिक, हे त्या दप्तराचे गणित. सारा न बसणाऱ्या सार्वजनिक जमिनीला येथे 'पोरंबोक' म्हणतात. आपल्याकडील गायरान, ओढे-नाले, गावतळी ही सारी त्या सदरात बसतील. आज तमिळमध्ये 'पोरंबोक' ही शिवी झाली आहे. निकम्म्या माणसाला ती देतात. सर्वांच्या उपयोगी पडणारी जमीन कोणाच्याच मालकीची नाही म्हणून निरुपयोगी ठरली. तेथेच या सर्व प्रकरणाची सुरुवात झाली.

ही दलदल एके काळी पाच हजार हेक्टरांच्या आसपास पसरलेली होती, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. २०२२ साली रामसार कराराखाली तिची नोंद आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून झाली ती सुमारे १२४८ हेक्टरांची. आणि त्यांतही राखीव वन म्हणून जाहीर झालेला भाग सुमारे ७०० हेक्टरांचाच. बाकीची कोणी खाल्ली? आमच्यासारख्या पाव ग्राउंडवाल्यांनी काही घास घेतले, हे नाकारता येत नाही. परंतु पंक्तीत पहिले पान कोणाचे होते ते पाहा. १९८० च्या दशकापासून शहराचा कचरा पेरुंगुडीला या दलदलीत टाकला गेला. तो टाकणारी नगरसंस्था होती. दलदलीला चिरून तोरैपाक्कमहून पल्लावरमकडे रुंद रस्ता नेला. तो नेणारे राज्य सरकार होते. संगणक-कंपन्यांचा मोठा पट्टा तिच्या पूर्वेस उभा राहिला तो सरकारी धोरणानेच. २००७ साली वेळच्चेरीपर्यंत आलेली उन्नत रेल्वेही पाणथळ जमिनीच्या कडेनेच आली. आणि ज्या केंद्र सरकारचे मीठ आम्ही खातो त्याचे काय? समुद्राचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आणि वाऱ्यापासून वीज कशी करावी याचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था, या दोहोंची आवारे पळ्ळिकरणैच्याच भूमीवर आहेत. पाणी आणि वारा यांचे ज्ञान मिळविण्यासाठी सरकारला पाण्याची जागा भरावी लागली, याला काय म्हणावे! कुंपणच शेत खाते ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. ती सर्व्हे नंबरांसह पाहावयाची असेल तर येथे यावे.

येथे एक गोष्ट नमूद करतो. सरकारी नोकराने सरकारच्या धोरणावर टीका करू नये, असा १९६४ च्या आमच्या वर्तणूक-नियमांचा दंडक आहे. वर जे लिहिले ते सारे जाहीर आणि छापील आहे. रस्ता आहे, रेल्वे आहे, कचऱ्याचा डोंगर आहे. आम्ही केवळ त्यांकडे बोट दाखवले. डोळ्यांनी दिसणारी वस्तू दिसते म्हणणे ही जर टीका असेल तर तो अपराध आम्हांस कबूल आहे.

आता निवेदनाच्या तिसऱ्या मागणीकडे वळू, कारण खरे विष तीत आहे. शुल्क घ्या आणि नियमित करा. ही युक्ती नवी नाही. तमिळनाडूचा नगर व ग्राम नियोजन कायदा १९७१ चा. चेन्नई महानगराची पहिली विकास-योजना १९७५ ची, दुसरी २००८ ची. या दोन योजनांच्या मधल्या काळात इतकी बांधकामे नियम मोडून झाली की, १९९८-९९ साली कायद्यात ११३-अ हे कलम घालण्यात आले. २८ फेब्रुवारी १९९९ पर्यंतची बांधकामे दंडवजा शुल्क घेऊन क्षम्य करावी, एकदाच आणि शेवटचे, अशी त्यामागची भाषा होती. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ते कलम एकवेळचा उपाय म्हणून टिकवले. आणि हे 'एकदाच' किती वेळा झाले? २००० साली मुदत वाढली, २००१ साली वाढली, २००२ साली पुन्हा वाढली. अखेर २००६ साली मद्रास उच्च न्यायालयाने पहिली माफी तेवढी राखून पुढच्या मुदतवाढी रद्द केल्या. तेवढ्याने प्रकरण मिटले असे कोणास वाटेल तर तो भोळा. २०१२ साली ११३-क हे नवे कलम आले आणि १ जुलै २००७ पर्यंतच्या बांधकामांना नवी तारीख मिळाली.

महाराष्ट्राने याबाबतीत नाक वर करण्याचे कारण नाही. तेथे गुंठेवारी नियमाधीन करण्याचा कायदा २००१ साली झाला तो १ जानेवारी २००१ पूर्वीच्या बांधकामांसाठी. आणि २०२१ साली दुरुस्ती होऊन ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली. वीस वर्षांचा अपराध एका दुरुस्तीत धुऊन निघाला. भाषा निराळी, कायदा निराळा, परंतु कारकुनाच्या टेबलावरून पाहिले तर फाईल एकच.

आम्ही कारकून आहोत. तारखेचे सामर्थ्य आम्हांस ठाऊक आहे. ज्या दिवशी सरकार 'अमुक तारखेपूर्वीचे सर्व माफ' असे जाहीर करते, त्या दिवशी दोन प्रकारची माणसे ती बातमी वाचतात. एक जण नियमाप्रमाणे अर्ज करून, दोन वर्षे हेलपाटे घालून, जागा सोडून, लहान घर बांधून बसलेला असतो. त्याला कळते की आपण मूर्ख ठरलो. दुसऱ्याने रातोरात स्लॅब टाकलेला असतो. त्याला कळते की पुढच्या तारखेपर्यंत आणखी एक मजला चढवण्यास हरकत नाही. आमच्या भूखंडावरचा तो शिक्काही याच माफीचा होता. त्या शिक्क्याने कायद्याचे समाधान केले. जमीन होती तितकीच खोलगट राहिली. तिच्यातून पाणी कोठे जाते हे शुल्क घेणाराने पाहिले नाही, आणि खरे बोलावयाचे तर शुल्क भरणाराने दाखवलेल्या कागदावर विश्वासणाऱ्या आम्हीही पाहिले नाही. आम्ही २०१९ च्या मे महिन्यात जागा पाहावयास गेलो होतो. मे महिन्यात चेन्नईतली कोणती जागा कोरडी नसते?

आणि आम्हांस हे कळावयास हवे होते. कारण २०१५ च्या डिसेंबरात आम्ही वेळच्चेरीला तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. १ डिसेंबरच्या त्या पावसात एका दिवसात तांबरमला ४९ सेंटिमीटर पाणी पडले. रात्री दाराखालून पाणी आले, पहाटेपर्यंत ते खिडकीच्या गजांना लागले. वरच्या मजल्यावरच्या वृद्ध घरमालकिणीने, ज्यांना आम्ही 'पाट्टी' म्हणत असू, आम्हांस वर ओढून घेतले आणि दोन रात्री आपल्या देवघरात झोपवले. गॅस होता तोवर त्यांनी सर्वांना रसम-भात घातला. तो संपल्यावर भिजवलेले पोहे. तिसऱ्या दिवशी होडी आली. वेळच्चेरी हे पूर्वी तळ्याकाठचे गाव होते, आणि त्या तळ्याचा मोठा भाग भरून त्यावर वस्ती झाली, हे त्या दोन रात्रींत पाट्टींनीच आम्हांस सांगितले. "पाणी आपल्या घरी आले आहे, आपण त्याच्या घरी आहोत," अशा अर्थाचे त्या काही बोलल्या होत्या. चार वर्षांत आम्ही ते विसरलो आणि त्याच पाण्याच्या खालच्या टोकाला जमीन घेतली. २०२३ च्या डिसेंबरात मिचाउंग वादळ आले तेव्हा आम्ही मुद्दाम आमचा भूखंड पाहावयास गेलो. सीमेचे दगड दिसत नव्हते.

या अनुभवानंतर 'लहान घरांना वगळा' या दुसऱ्या मागणीवर सही कशी करावी? पाणी काही चौरस फूट मोजून घरात शिरत नाही. मोठ्या इमारतीत निदान खालचा मजला वाहनांसाठी मोकळा असतो. बुडतात त्या गाड्या. आमच्या पाव ग्राउंडात बुडेल ती आई. लहान माणसाला सवलत म्हणजे या ठिकाणी लहान माणसाला बुडण्याची परवानगी.

आणि ही सवलत लहानांसाठीच राहील, असे मानणारांनी थोडा इतिहास पाहावा. २०२५ च्याच ऑक्टोबरात मद्रास उच्च न्यायालयाने दलदलीलगतच्या एका प्रचंड गृहप्रकल्पाचे काम अंतरिम आदेशाने थांबवले. तेथे शेकडो-हजारो कोटींचा प्रश्न असतो. अशा वेळी पुढे कोणाला उभे केले जाते? पाव ग्राउंडवाल्याला, त्याच्या म्हाताऱ्या आईला, त्याच्या हप्त्यांना. आमच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळी दुसऱ्याने झाडावयाची, हा प्रकार आम्हांस मान्य नाही. आमचा खांदा कर्जाने आधीच वाकलेला आहे.

इतके लिहिल्यावर दुसऱ्या बाजूचे काही सज्जन आमच्या पाठीवर थाप मारावयास येतील, म्हणून त्यांच्याशीही दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. पक्ष्यांची छायाचित्रे काढणारा, रोहित आले की दुर्बीण घेऊन धावणारा एक सुशिक्षित वर्ग या शहरात आहे. दलदल वाचली पाहिजे, हे त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि त्यांच्यातील अनेकांच्या वर्षानुवर्षांच्या खटपटीमुळेच ती एवढी तरी उरली. परंतु त्यांतील कित्येकांची घरे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी त्याच पाणथळीच्या कडेला झालेली आहेत. आपले दार लागले की मग मागून येणाराला 'जागा नाही' म्हणून सांगणे सोपे असते. आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात हा अनुभव आपल्या वाडवडिलांनी घेतलेला आहे. ज्यांना बसावयास जागा मिळाली त्यांनी उभे राहिलेल्याचे सामान तरी मांडीवर घ्यावे.

त्याहून दारुण गोष्ट पेरुंबाक्कमचीच आहे. कूवम आणि अड्यार नद्यांच्या काठी झोपड्या घालून राहणाऱ्या हजारो कुटुंबांना, विशेषतः २०१५ च्या पुरानंतर, 'येथे पुराचा धोका आहे' म्हणून उठवण्यात आले. त्यांना नेऊन ठेवले कोठे? पेरुंबाक्कमच्या बहुमजली गाळ्यांत, म्हणजे या दलदलीच्या अंगणात. एका पाण्याच्या काठावरून उठवून दुसऱ्या पाण्याच्या काठावर बसवले, आणि कामधंद्यापासून दहा-वीस किलोमीटर दूर नेले ते वेगळेच. नियोजनाची रेषा गरिबासाठी एका दिवसात हलते. श्रीमंतासाठी ती न्यायालयात दहा वर्षे थरथरत राहते.

केवळ रेषा ओढली म्हणजे न्याय होत नाही, याचे उदाहरण सातासमुद्रांपलीकडेही आहे. वेल्समध्ये फेअरबोर्न नावाचे समुद्रकाठचे एक लहानसे गाव आहे. चढत्या समुद्रापासून या गावाचे कायमचे रक्षण करणे शक्य होणार नाही आणि २०५४ च्या सुमारास ते सोडावे लागेल, असे धोरण तेथील स्थानिक शासनाने स्वीकारले. २०१४ साली ते सर्वांच्या कानांवर गेले. त्याबरोबर घरांच्या किमती कोसळल्या, गहाणावर कर्ज मिळेनासे झाले. समुद्र यावयाचा होता चाळीस वर्षांनी. परंतु कागद त्याच दिवशी आला आणि म्हाताऱ्या माणसांच्या आयुष्याची पुंजी घेऊन गेला. भरपाईची निश्चित तरतूद मात्र त्या धोरणात नव्हती. तेथील शास्त्रज्ञ चुकले, असे आम्ही म्हणत नाही. धोक्याची रेषा आखणाऱ्या शासनाने तिच्या आतल्या माणसांचे काय, हा हिशेब त्याच कागदावर मांडावयास हवा होता.

घराजवळचे उदाहरण पुण्याचे. तेथे मुठेच्या दोन्ही तीरांवर पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आहे आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आहे. नकाशावर दोन्ही रंग स्पष्ट उमटतात. तरीही २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून पाणी सुटले तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत माणसे झोपेतून उठली ती पाण्यात. रेषा होती, परंतु घर घेणाराच्या खरेदीखतात ती उमटत नाही. नगररचनेच्या कचेरीतला नकाशा आणि नोंदणीच्या कचेरीतले पुस्तक यांची एकमेकांशी ओळख नाही, हीच गोम येथेही आहे आणि तेथेही.

म्हणून आम्ही निवेदनावर सही केली नाही, आणि त्याऐवजी स्वतःचा वेगळा अर्ज लिहिला. नुसते 'नको' म्हणून गप्प बसणे आमच्या स्वभावात नाही. अर्जात चार गोष्टी मागितल्या आहेत.

पहिली, दलदलीची सीमा आणि प्रभावक्षेत्र सर्व्हे नंबरांसह निश्चित करावे आणि त्याला तारीख बांधून द्यावी. २०१७ च्या पाणथळ-नियमांत सीमा व प्रभावक्षेत्र आखण्याची तरतूद आहे. ती पाळली असती तर सरसकट एक किलोमीटरचे वर्तुळ काढण्याची वेळ आली नसती. पाणी कंपासने काढलेल्या वर्तुळातून वाहत नाही. कोठे दोनशे मीटरांवरची जमीन उंच असेल, कोठे दोन किलोमीटरांवरची ओढ्यात असेल. जे खरोखर पाण्याबाहेर आहेत त्यांना सोडावे; जे पाण्यात आहेत त्यांना स्पष्ट सांगावे, आम्हांसही.

दुसरी, निश्चित झालेली रेषा प्रत्येक नोंदणी-कचेरीत लावावी, आणि तिच्या आतल्या भूखंडाचा दस्त लाल शेऱ्यावाचून नोंदू नये. ज्या जमिनीवर सरकार घर बांधू देणार नाही तिच्या विक्रीवर त्याच सरकारने मुद्रांक शुल्क घ्यावे, हा व्यवहार एखाद्या सावकाराने केला असता तर आपण त्याला काय नाव दिले असते?

तिसरी, सरकारच्या शिक्क्यावर विश्वासून ज्यांनी रेषेच्या आत जमीन घेतली त्यांची ती जमीन सरकारने परत घ्यावी, आणि तिच्याऐवजी उंचावर तेवढीच जागा द्यावी अथवा दिलेली किंमत शुल्कासह परत करावी. ही भीक नव्हे. नियमितीकरणाचे शुल्क ज्याने घेतले तो त्या विक्रीतला भागीदार आहे, आणि भागीदाराने तोट्यातही वाटा उचलला पाहिजे.

चौथी, रेषेच्या आत यापुढे कोणतेही नियमितीकरण नको; लहानाचे नको, मोठ्याचे नको, आणि सरकारचे तर मुळीच नको. जेथे पाण्याची वाट मोकळी करण्यासाठी काही हलवावेच लागेल तेथे आधी सरकारी बांधकाम, मग मोठ्या कंपनीचे, आणि सर्वांत शेवटी गरिबाचे घर, असा क्रम असावा. आजवर हा क्रम नेमका उलटा चालत आला आहे.

हे सारे मिळेल अशी आमची भाबडी समजूत नाही. चौदा-पंधरा वर्षे फाईली हलवल्या आहेत. त्या किती जड असतात ते जाणतो. आमच्या अर्जावर 'नोंद घेतली' असा शेरा पडून तो एखाद्या कपाटात जाण्याचाच संभव अधिक. निवेदनावर तीनशेच्या वर सह्या झाल्याचे ऐकतो. आमच्या अर्जावर आजपर्यंत अकरा झाल्या, त्यांतील नऊ पेरुंबाक्कमच्या गाळ्यांतील तमिळ बायकांच्या आहेत, एक आमची आणि एक आमच्या पत्नीची. पाटल्या तिच्या गेल्या असल्यामुळे तिच्या सहीचे मोल आमच्याहून अधिक आहे, हे आम्ही जाणतो.

ज्या स्नेह्यांनी पायावर धोंडा पाडून घेण्याविषयी आम्हांस सावध केले त्यांना आमचे एवढेच सांगणे की, धोंडा २०१९ सालीच पडलेला आहे. आता प्रश्न इतकाच की, तो उचलून पुढच्या येणाराच्या वाटेत ठेवावयाचा, की रस्त्याच्या कडेला लावून त्यावर चुन्याने 'येथे पाणी येते' असे लिहावयाचे. संमेलनातील ज्या बंधूंना आमचे म्हणणे पटेल त्यांनी अर्जावर सही करावी. ज्यांना पटणार नाही त्यांनी आमचे कोठे चुकले ते याच पानांत दाखवून द्यावे; आम्ही ते दोनदा वाचू.